घोडीला सांगितलेली गोष्ट

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातल्या एका प्रश्नानं मला कामाला लावलं. तू लिहिलंस की सहाशे पानांची कादंबरी वाचतोस आणि वर्षाच्या आत पात्रांची नावंही विसरतोस, पण कॉलेजात असताना वाचलेली आठ-दहा पानांची एखादी गोष्ट अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते. असं का होत असेल?

मी असं केलं. पुस्तकं कपाटातच राहू दिली आणि आवडत्या कथांतलं जे काही आठवतं ते वहीत लिहून काढलं. मग एकेक कथा काढून वाचली आणि वहीशी ताडून पाहिली. काय आठवलं, काय चुकीचं आठवलं आणि काय साफ निसटलं, हे पाहताना माझे दोन-तीन जुने समज मोडले.

पहिली अर्थातच रशियन लेखक चेखवची. 'तोस्का', म्हणजे खोल दुःख, १८८६ सालची. चेखव तेव्हा २६ वर्षांचा, नुकताच डॉक्टर झालेला. योना पोतापोव हा बर्फातून घसरगाडी हाकणारा म्हातारा. त्याचा मुलगा वारलाय, आठवडा होत आलाय, आणि त्याला हे कुणाला तरी सांगायचंय. माझ्या वहीत एवढंच होतं: 'कुणी ऐकत नाही. शेवटी तो घोडीला सांगतो.' तुलाही बहुधा एवढंच आठवत असेल.

पुन्हा वाचताना अडलो ते मधेच. योनाला नुसतं 'मुलगा गेला' म्हणायचं नाहीये. तेवढं तर तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतोच. त्याला नीट, क्रमानं सांगायचंय. मुलगा आजारी कसा पडला, त्याला किती त्रास झाला, मरण्याआधी तो काय बोलला, गेला कसा. मग अंत्यसंस्कार. मग मुलाचे कपडे आणायला आपण हॉस्पिटलात गेलो ते. गावाकडे मुलगी आहे, तिच्याबद्दलही बोलायचंय. ऐकणाऱ्यानं हळहळावं, उसासा टाकावा, असं त्याला वाटतं. सांगायचं काय काय याची अख्खी यादी त्याच्या मनात तयार आहे. बायकांशी बोललेलं बरं, त्या दोन शब्दांत रडू लागतात, इथवर त्याचा विचार झालेला आहे.

आणि तो सांगतो तेव्हा आपल्याला काय ऐकू येतं? जवळजवळ काहीच नाही, दोन-चार वाक्यं. मग घोडी चघळते, ऐकते, मालकाच्या हातांवर श्वास सोडते, आणि योना तिला सगळं सांगतो. इथे कथा संपते. जे ऐकायला अख्ख्या शहरात कुणाला वेळ नव्हता ते चेखव आपल्यालाही ऐकवत नाही. मुलगा मरताना काय बोलला हे त्या घोडीला ठाऊक आहे, मला नाही. इतकी वर्षं ही कथा 'माझी' म्हणून मिरवली आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

इथे तुला एक सांगायला हवं. गेल्या वर्षी माझ्या ऑफिसातल्या एकाची आई गेली. तो कामावर परत आला त्या दिवशी मी त्याच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, 'काय झालं होतं?' त्यानं सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील, माझा फोन वाजला आणि मी 'आलोच' म्हणून निघून गेलो. परत गेलो नाही. परवा 'तोस्का' वाचताना तो लष्करी अधिकारी आला, योनाचं पहिलं गिऱ्हाईक. तो क्रूर नाही. उलट तोच एकटा विचारतो, 'कशानं गेला?' योना वळून सांगू लागतो, ताप असावा, तीन दिवस हॉस्पिटलात होता... तेवढ्यात गाडी कुणावर तरी जाता जाता वाचते, अधिकारी 'हाक, हाक' म्हणतो आणि थोड्या वेळानं डोळे मिटून घेतो. मी पुस्तक खाली ठेवलं. आजवर मी या कथेत योनाच्या बाजूला बसत होतो. माझी खरी जागा मागच्या सीटवर होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या त्या सहकाऱ्याकडे गेलो. म्हटलं, त्या दिवशी तुझं बोलणं अर्धवट राहिलं. वर्ष उलटलं होतं, पण तो जणू कालचीच गोष्ट असल्यासारखा बोलू लागला, क्रमानं, काही न गाळता. तासभर तरी बोलला असेल. त्यातलं एकच सांगतो. हॉस्पिटलातून मिळालेल्या पिशवीत आईचा चष्मा होता आणि काचेवर तिच्या अंगठ्याचा ठसा होता. ती चष्मा नेहमी काचेलाच धरून काढायची, त्यावरून हा तिच्यावर वैतागायचा. तो ठसा त्यानं अजून पुसलेला नाही.

त्या ठशावरून मला टागोरांची 'काबुलीवाला' आठवली, १८९२ ची, काबूलहून आलेल्या रहमत या फेरीवाल्याची. ती वहीत होतीच, पण चुकीची. मी लिहिलं होतं, 'रहमत खिशातून मुलीचा फोटो काढतो.' फोटो नाहीये! एक मळका, घड्या पडलेला कागद आहे, आणि त्यावर लहानग्या हाताचा ठसा आहे, काजळी लावून उमटवलेला. चित्र नाही, फोटो नाही, नुसता तळहात. तो उराशी बाळगून हा माणूस दर वर्षी कलकत्त्याच्या रस्त्यांवर मेवा विकत फिरायचा. फोटोत चेहरा दिसला असता. ठशात कळतं ते फक्त हात केवढासा होता एवढंच. आणि मधल्या आठ वर्षांच्या तुरुंगवासात तो हात वाढला, हे रहमतच्या ध्यानात येतं ते मिनीला, कलकत्त्यातल्या त्याच्या छोट्या मैत्रिणीला, लग्नाच्या वेशात पाहिल्यावर. आपलीही मुलगी एवढी झाली असेल, तिच्याशीही आता नव्यानं ओळख करून घ्यावी लागेल, हे त्याला त्या क्षणी उमगतं आणि तो खाली बसतो.

लहानपणी ही कथा वाचली तेव्हा मी मिनी होतो. 'झोळीत काय आहे?' 'हत्ती!' या उत्तराला खिदळलेला. आता मिनीच्या बापाच्या जागी उभा राहून वाचतो. तो रहमतला गावी परत जायला पैसे देतो आणि त्यापायी लग्नातले विजेचे दिवे आणि बँड रद्द करतो. घरातल्या बायका नाराज होतात. हा तपशील मला अजिबात आठवत नव्हता, आणि आता तोच सगळ्यात जास्त आवडतो. त्यागाचं भाषण नाही, कुठले खर्च कापले तेवढंच सांगितलंय. पुढे रहमत घरी पोचला का, मुलीनं त्याला ओळखलं का, हे टागोर सांगत नाहीत. मी मात्र कितीदा तरी त्याला त्या दारापर्यंत नेऊन आणलं आहे.

आता फ्रेंच लेखक मोपासांच्या 'हार'विषयी, म्हणजे १८८४ च्या त्या प्रसिद्ध कथेविषयी. ती शेवटच्या धक्क्यामुळे लक्षात राहते असं आपण कॉलेजात ठामपणे म्हणायचो. मला आता ते पटत नाही. नुसत्या धक्क्यावर उभी असलेली कथा एकदा धक्का कळला की संपते, दुसऱ्यांदा वाचावीशी वाटत नाही. 'हार'चा शेवट मला पाठ आहे, तरी मी ती पुन्हा वाचली आणि या खेपेला त्यात एक माणूस सापडला जो माझ्या वहीत एका ओळीतही नव्हता. कथेची नायिका मातील्द, तिचा नवरा.

बघ हं. तो शिक्षण खात्यातला साधा कारकून. समारंभाचं आमंत्रण आणतो, बायको खूश होईल म्हणून. ती रडते, कपडे नाहीत म्हणून. किती लागतील? चारशे फ्रँक. तो जरासा पांढरा पडतो, कारण नेमके तेवढेच पैसे त्यानं बंदुकीसाठी बाजूला ठेवलेले असतात. उन्हाळ्यात मित्रांबरोबर शिकारीला जायचा बेत असतो. देऊन टाकतो. समारंभाच्या रात्री ती नाचत असताना हा शेजारच्या खोलीत पेंगत बसलेला असतो. मैत्रिणीकडून उसना आणलेला हार हरवल्याचं कळतं तेव्हा त्याच थकल्या पायांनी आला तो अख्खा रस्ता पुन्हा तुडवतो आणि सकाळी सातच्या सुमाराला रिकाम्या हातांनी परततो. नवा हार ३६ हजार फ्रँकना. वडिलांनी मागे ठेवलेले १८ हजार तो त्यात घालतो, उरलेले कर्जाऊ काढतो, आणि मग रात्र रात्र पानाला पाच सू, म्हणजे निव्वळ चिल्लर, या दरानं नकला उतरवत बसतो. दहा वर्षं.

या माणसाच्या तोंडी तक्रारीचा एकही शब्द नाही. तो हरवलेला हार फार तर पाचशे फ्रँकचा होता, खोटा होता, हे मैत्रीण मातील्दला सांगते आणि मोपासां थांबतो. आम्ही मित्र तेव्हा 'मातील्दला काय वाटलं असेल' यावर वाद घालायचो. आता माझ्या डोळ्यांपुढे येते ती त्या दिवशीची संध्याकाळ. तिला घरी जाऊन हे नवऱ्याला सांगायचं आहे. की ती सांगणारच नाही?

म्हणून, मित्रा, मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं वाटतं. अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पो यानं १८४२ मध्येच लिहून ठेवलंय की कथा अर्ध्या तासापासून दोनेक तासांत, एका बैठकीत वाचून व्हावी, म्हणजे तिचा पूर्ण परिणाम मनावर होतो. ते खरं आहे, पण त्यानं फक्त वाचतानाची पकड कळते. नंतरची वीस वर्षं त्यात येत नाहीत. मी वहीत उतरवलेल्या जवळजवळ सगळ्याच कथा, मला जे जाणून घ्यायचं होतं त्याच्या एक पाऊल आधी थांबल्या आहेत. योना काय बोलला, रहमतचं काय झालं, मातील्द घरी काय सांगणार. कादंबरी बहुतेक वेळा तिथवर सोबत येते, हिशेब पुरा करते, आणि आपण ती मिटून ठेवू शकतो. कथेतलं उरलेलं पाऊल आपल्याकडे राहतं. वय बदलतं तसं ते पाऊल निराळ्या दिशेला पडतं, आणि वाटतं कथा बदलली.

याला अपवादही सापडला. अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं'. तीत काहीच अर्धवट राहत नाही. खाणीतलं काम बंद पडलेला भीमा स्मशानातली राख चाळून सोनं शोधतो. एका रात्री पुरलेलं प्रेत उकरून त्याच्या तोंडात बोटं घालतो आणि ती जबड्यात अडकतात. बोटं जातात, आणि खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. सगळं सांगून झालेलं असतं. तरीही ती कथा मला सोडत नाही. कदाचित तिथे माझ्याकडे उरते ती एखादी अडकलेली गोष्ट नसून नुसता राग असेल. अजून विचार करतोय.

चेखवची 'कुत्रेवाली बाई' मुद्दाम लिहीत नाही, तिच्यासाठी वेगळं पत्र लागेल. तिच्यातला तो कलिंगडाचा प्रसंग तेवढा एकदा वाचून ठेव. अ‍ॅना, म्हणजे ती बाई, पश्चात्तापानं खचून बसली आहे आणि तिचा प्रियकर गुरोव टेबलावरच्या कलिंगडाची फोड कापून सावकाश खातो आहे. निदान अर्धा तास शांततेत जातो. पुढे हाच माणूस तिच्यासाठी जीव टाकणार आहे हे ठाऊक असताना तो प्रसंग वाचणं जड जातं.

आता तुझी पाळी. पुस्तकं उघडू नकोस. आधी आठवतं तसं लिही, चुकलं तर चुकू दे, फोटो आठवला तर फोटोच लिही. मग कथा काढून ताडून बघ आणि दोन्ही मला पाठव. तू मागे म्हणाला होतास ना, एका कथेचं नाव, लेखक काहीच आठवत नाही, फक्त दारात कंदील धरून उभी असलेली बाई आठवते. ती अजून सापडली नसेल तर तिच्याबद्दल जे जे आठवतंय ते सगळं कळव. मीही शोधतो.

तुझाच