अपडेटनंतर क्लिप परस्पर मास्टरवर वळवल्या जात असल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या प्रोजेक्टमधल्या ऑडिओ क्लिप नेमून दिलेला मिक्सर ट्रॅक सोडून थेट मास्टरवर (सगळे आवाज एकत्र होऊन बाहेर पडतात त्या शेवटच्या ट्रॅकवर) जात असल्याबाबत

महोदय,

आपल्या संगीत सॉफ्टवेअरचा परवाना मी आपल्याच संकेतस्थळावरून पूर्ण किंमत मोजून घेतला आहे. कोल्हापुरात माझा लहानसा स्टुडिओ आहे. भजनी मंडळांचे अभंग, भारुडे, कधीमधी एखादा पोवाडा असे काम येते. आषाढीच्या आधीचे आठवडे हा आमचा हंगाम, आणि नेमके तेव्हाच आपल्या अपडेटने चालू प्रोजेक्ट विस्कटून टाकले.

काय झाले ते नीट लिहितो, कारण आपल्या प्रतिनिधीला ते कळलेले दिसत नाही. पखवाजाला दोन माइक लावले होते, एक शाईच्या बाजूला, दुसरा कणकेच्या. दोन्ही क्लिप वेगवेगळ्या ट्रॅकवर, तिथून एका बसवर (अनेक ट्रॅक एकत्र करणाऱ्या वाहिनीवर). पेटी, टाळ, मुख्य गायक आणि कोरस यांचीही अशीच सोय केलेली. अपडेटनंतर प्रोजेक्ट उघडले तर अखंड क्लिप आपापल्या ट्रॅकवर शाबूत. पण कापून पुढे-मागे सरकवलेले तुकडे मात्र थेट मास्टरवर. परिणामी अभंगाची पहिली ओळ ट्रॅकवरच्या रिव्हर्बमध्ये (घुमाऱ्यात) न्हालेली आणि दुसरी कोरडीठाक. गायकाने ऐकून विचारले, मी मधेच खोलीबाहेर जाऊन गायलो का?

कोरसचा प्रकार आणखी वाईट. त्याचे तुकडे ट्रॅकवरही जातात आणि मास्टरवरही. त्या ट्रॅकवरचा कंप्रेसर (आवाजाची चढउतार आवरणारा इफेक्ट) 64 सॅम्पलचा उशीर लावतो, म्हणजे 48 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला साधारण 1.33 मिलिसेकंद. थेट गेलेला आवाज तेवढा आधी पोचतो, आणि ही चोरवाट मिक्सरमध्ये दिसतच नसल्याने सॉफ्टवेअर एरवी आपोआप करते ती उशिराची भरपाई तिला लागू होत नाही. दोन्ही आवाज एकत्र आले की 375 हर्ट्झच्या आसपास, मग 1125 ला, एकमेकांना खाऊन टाकतात. दहा माणसांचा कोरस पाइपातून गायल्यासारखा वाटतो. कंप्रेसर बंद केला तर तोच कोरस 6 डेसिबलने चढतो आणि मास्टरचा मीटर लाल होतो.

मुंबईच्या मिक्सिंग इंजिनिअरला स्टेम्स (प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल) पाठवले, तेव्हा खरी फजिती झाली. स्टेम्स ट्रॅकनुसार निघतात, त्यामुळे पखवाजाच्या फाइलमध्ये मधेच आवर्तनेच्या आवर्तने शांतता! मंडळाला तारीख पुढे ढकलायला सांगताना जे ऐकून घ्यावे लागले, ते इथे लिहीत नाही.

आपल्या प्रतिनिधीने सुचवले की क्लिपला आपोआप ट्रॅक देणारी सेटिंग सुरू करा. ती सेटिंग नव्याने आणलेल्या क्लिपसाठी आहे. तरीही तुकडे पुन्हा ओढून ती वापरून पाहिली, तर प्रत्येक तुकड्याला नवा ट्रॅक मिळाला आणि मिक्सर एसटी स्टँडसारखा भरून गेला. शेवटी एकेक तुकडा निवडून, ट्रॅक क्रमांक बदलून सगळे हाताने जागेवर लावले.

अपडेटमध्ये नव्या क्लिपचा नियम खुशाल बदला. जुन्या प्रोजेक्टमध्ये कोणता तुकडा कुठे जाणार हे मी ठरवून फाइलमध्ये साठवलेले आहे. त्याला न विचारता हात लावण्याचा अधिकार सॉफ्टवेअरला नाही. निदान उघडताना एखादी सूचना तरी यायला हवी होती.

माझ्या मागण्या अशा. आधीच्या आवृत्तीचा इन्स्टॉलर ताबडतोब मिळावा; सध्या आपल्या संकेतस्थळावरच्या माझ्या खात्यात फक्त नवीच दिसते. दोष दुरुस्त झाल्याचे लेखी कळवावे. अनेक तुकडे एकदम निवडून एकाच ट्रॅकवर पाठवायची सोय द्यावी, ही मागणी अपडेटच्या आधीपासूनची आहे. हे जमणार नसेल तर परवान्याचे पैसे परत करावेत.

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. हा माझा स्वयंरोजगार आहे, त्यामुळे 'व्यावसायिक वापर' म्हणून मला टाळता येणार नाही. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवीन.

प्रोजेक्टची फाइल, तसेच अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा बाऊन्स (पूर्ण गाण्याची तयार ऑडिओ फाइल) सोबत जोडला आहे. दोन्ही हेडफोनवर ऐकावेत, विशेषतः दुसरे कडवे.

कळावे,
आपला,
एक परवानाधारक ग्राहक,
कोल्हापूर