अख्खा ऑस्ट्रेलिया इमूचा नाही हो

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी मुलांच्या पानावर इमूची चौकट होती, फोटो एकदम झकास, पण नकाशात टास्मानियासकट सगळा ऑस्ट्रेलिया हिरवा रंगवलाय आणि खाली 'वाळवंटात राहणारा पक्षी'. भाचीने ते कापून वहीत चिकटवलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर कोण चुका काढत बसतंय.

टास्मानियात इमू होता, पण माणसांनी मारून मारून १९व्या शतकातच संपवला. टास्मानियाजवळच्या किंग बेटावरचा बुटका इमू तर त्याआधीच गेला, शेवटचा १८२२ मध्ये पॅरिसला बंदिवासात मेला. आणि वाळवंटाचं म्हणाल तर एकदम कोरड्या भागात तो एरवी फिरकत नाही, पाऊस पडून हिरवं झालं की जातो, गुरांसाठी पाण्याची सोय केली तिकडेही पोचला, दाट वर्षावन मात्र टाळतो. म्हणजे पत्ता विचारलात तर जिथे पाऊस, तिथे इमू. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात हे थवे चालत चालत गव्हाच्या शेतात घुसतात, १९३२ मध्ये त्यांच्यावर मशीनगन घेऊन सैनिक पाठवले होते आणि सैनिकच हात हलवत परत आले (हे छापलं असतं तर पोरं खूश झाली असती). नंतर कुंपणानेच काम भागवलं, पण दुष्काळात त्या तारेला हजारो इमू येऊन अडकतात.

इमू फार्मचं तर तुम्ही एका ओळीत उरकलंत. सुरुवात १९७०च्या सुमारास तिकडेच, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, मग अमेरिका, चीन, भारत असं पसरलं. जंगलात नर जवळपास ८ आठवडे अंड्यांवरून हलत नाही, खाणंपिणं जवळजवळ बंद, अंगावरची चरबी जाळत बसतो, दिवसातून कितीदा तरी उठून ती गडद हिरवी खरबरीत अंडी उलटीपालटी करतो. फार्मवर अंडी उचलून मशीनमध्ये ठेवतात, बाप मोकळा. पण गंमत अशी की पक्षी अमेरिकेत नेला तरी सवय तीच, दिवस लहान व्हायला लागले की जोड्या जमतात, त्यामुळे तिकडे अंडी तिकडच्या हिवाळ्यात मिळतात. १९९०च्या दशकात तिथे इमूचे भाव कोसळले तेव्हा टेक्सासमध्ये काहींनी सरळ फाटकं उघडून इमू सोडून दिले, रस्त्यावर फिरणारे असे इमू म्हणजे रानातले नव्हेत, मोकाट सुटलेले. नकाशात हा फरक दिसायला हवा होता.

पुढच्या रविवारी छोटी दुरुस्ती छापा. भाचीने तोवर टास्मानियावर व्हाइटनर मारलाय.

आपला,
एक जुना वाचक