सोलापूरच्या विजापूर वेशीतल्या आपांना, निजाम शोधून दिल्याबद्दल

आपा, सलाम.

त्या दिवशी गिऱ्हाईक आलं आणि तुम्ही टॉवेल न घेताच निघून गेलात. आभार मानायचे राहिले, म्हणून चार लोकांदेखत लिहितोय.

झालं होतं असं की आमचा भाचा सुट्टीत येऊन माझ्या फोनची भाषा अरबी करून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला पसार झाला. गंमत म्हणे! चाटी गल्लीत दुकान उघडून फोन बघतो तर एक अक्षर लागेना, त्यात सगळं उलटं. मागे जायचा बाण डावीकडचा उजवीकडे, चालू-बंदची बटणं उजवीकडची डावीकडे. चादरीवर विणलेलं नाव मागच्या बाजूने वाचावं तसं. भाच्याचा फोन बंद.

एका मोबाईलवाल्याकडे गेलो. त्याने बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल, पाचशे होतील, डेटा जाईल.’ डेटा म्हणजे माझ्या नमुन्यांचे फोटो, लग्नसराईच्या ऑर्डरी, कुणाकडे किती येणं आहे ते. तरी मी दुपारी फोन टाकून यायचं ठरवलं होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात तुम्ही आलात. मी फोन पुढे केला तर तुम्ही चष्मा लावून म्हणालात, ‘मला देऊ नक्को, तूच धर. मी वाचते.’ उर्दू शाळेतली तीस वर्षांची सवय, दुसरं काय! आणि आधीच सांगून टाकलंत, ‘ही अरबी. अक्षरं ओळखीची, अर्थ सगळा लागेल असं नाही.’

दातेरी चाकाचं चित्र कुठल्याही भाषेत तेच, तिथवर मी पोचलो होतो. पुढची यादी तुम्ही उजवीकडून बोट फिरवत एकेक ओळ वाचलीत. अगदी तळाशी आल्यावर थांबलात. ‘निजाम.’

मला हसूच आलं. म्हटलं, आपा, तुळजापूरपर्यंत त्याची हद्द होती खरी, पण तो १९४८ लाच गेला की! तुम्ही चष्म्यावरून असं बघितलंत की मला चौथीचा वर्ग आठवला. ‘अरे, निजाम म्हणजे व्यवस्था. सिस्टिम. दाब तिथं.’

आत ‘लुगात’ दिसलं. तुमच्या उर्दूत लुगत म्हणजे शब्दकोश, म्हणजे इथे भाषाच असणार, हा अंदाज तुमचा. दाबलं. वर अरबी, आणि तिच्या खाली आपल्या लिपीत चक्क ‘मराठी (भारत)’. मी केवढ्यांदा ओरडलो, समोरचा रंगवाला बाहेर आला. त्या ओळीच्या डाव्या टोकाला आडव्या रेघा होत्या, त्या बोटाने धरून मराठी अरबीच्या वर ओढली आणि सगळं सरळ झालं. बाणसुद्धा आपल्या जागी.

संध्याकाळी भाच्याने फोन उचलला. आधी शिव्या खाल्ल्या, मग शहाणपण शिकवलं: २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून भाषा अशा क्रमाने लावून ठेवता येतात, पहिली असेल ती चालते, बाकीच्या खाली थांबतात. मराठी नसती तर त्याच पानावरून घालता आली असती, कारण तिथल्या मोठ्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्या तिच्या लिपीत असतं. म्हणजे पाचशे रुपये देऊन मी जे पुसून घेणार होतो, त्याला हात लावायचं कारणच नव्हतं.

त्या पानाचा फोटो काढून दुकानातल्या पोराच्या फोनवर ठेवलाय. निजाम कुठे बसतो तेही त्याला दाखवलंय.

तुम्ही बाजूला काढलेले लाल काठाचे दोन टॉवेल त्याच पोराबरोबर पाठवतोय, सोबत घरची शेंगा चटणी. पैसे पाठवलेत तर परत येतील. डबा मात्र राहू द्या, तो न्यायला मी स्वतः येणार आहे. ‘अलिफ’च्या पुढची दोन-चार अक्षरं शिकवाल ना?

तुमचा,
चाटी गल्लीतला टॉवेलवाला