काकू, तुमच्यामुळे बाबा माझ्या घरी जेवले

काकू, तुम्ही मोबाईल बघत नाही, सून वाचून दाखवेल म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. तोंडावर थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही उठूनच गेल्या असत्या.

माझं माहेर महानुभाव पंथाचं, सगळे उपदेशी, म्हणजे पंथाचा उपदेश घेतलेले. मोर्शीकडचं संत्र्याचं गाव, पंथाचं तीर्थ रिद्धपूर जवळच, त्यामुळे लहानपणापासून पंचकृष्णांशिवाय, म्हणजे पंथ मानतो त्या पाच अवतारांशिवाय, कोणापुढं हात जोडले नाहीत. सासर दर्यापूरकडचं, इथं रोज देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी जेवत नाही आणि भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. आईबाबांनी लग्नाला अडवलं नाही, फक्त बाबा म्हणाले दुसऱ्या देवतेचा प्रसाद आपल्याला चालत नाही, आणि ते पाळलं. यायचे, तुरीची डाळ, संत्र्यांची थैली आणायचे, नातवाला खांद्यावर घेऊन गावभर फिरवायचे आणि जेवायची वेळ झाली की ओसरीत बसून पिशवीतली पोळी-चटणी सोडायचे, पाणी पण घरच्याच बाटलीतलं. मी आत भाकरी थापत ते बघायची. आईचा रोज फोन, जेवली का, पोरगं कसं आहे, आणि माझ्या हातचा घास मात्र नको. भांडणाऱ्या बापावर रागावता तरी येतं हो, एवढ्या मायेच्या माणसावर काय रागावू?

सगळे म्हणायचे जाऊ दे, त्यांचा पंथ आहे. तुम्ही बाबांपेक्षा कडक उपदेशी, तरी तुम्हीच म्हणाल्या, "पोरी, दुखते तं दुखते मन. पन तुह्या बापाचा राग नाही तुह्यावर, त्याले भेव वाट्टे, देवाचं काही चुकीन म्हनून." मला कोणीतरी खरं मानलं असं त्या दिवशी वाटलं, खूप रडली मी.

आणि तुम्ही नुसतं बोलून थांबल्या नाही. सासूबाईंजवळ चुलीपाशी बसून त्यांनाच विचारलं, नैवेद्याच्या आधी वेगळ्या पातेल्यात वरण-भात काढून ठेवला तर तुमच्या देवाला चालेल का? त्या लगेच हो म्हणाल्या. आमच्या घरात इतकी वर्षं हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं! मग बाबांना तुम्ही पंचकृष्णांतल्या गोविंदप्रभूंची आठवण दिली, गाव ज्यांची सावली टाळायचं त्यांच्या घरी ते जायचे, तिथलं खायचे, आणि तू पोरीच्या घरचा नैवेद्याआधीचा भात खात नाही का? बाबा कितीतरी वेळ गप्प होते. मग हात धुवून पाटावर बसले, भात दोनदा घेतला.

महालक्ष्म्यांना ते अजून येत नाहीत. भाद्रपद शुद्ध द्वितीयेला चक्रधर स्वामींचा अवतार दिन, त्यासाठी मी माहेरी जाते आणि पाच-सहा दिवसांत इथं पुरण वाटायला बसते, तेव्हा सगळ्यांचे मायबाप पंगतीत दिसतात आणि आतून तुटतं. ते दुखणं आहेच, पण आता ते मी तुम्हाला सांगू शकते.

आई अजून बिचकते. कापूस वेचणी आटोपली की तिला सोबत घेऊन या, एकटी ती यायची नाही. सासूबाई पण विचारत होत्या.

दंडवत प्रणाम काकू.

तुमची पोरगी