शिडी न लावता छप्पर नापास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली पान तीनवरची आमच्या पेठेतली शाळा बंद होण्याची बातमी वाचली. वाचून रात्रभर झोप लागली नाही असं लिहायची पद्धत आहे, पण झोप लागली. सकाळी चहाबरोबर परत वाचली तेव्हा डोकं तापलं, म्हणून लिहितो.

आधी फोटोचं. बातमी आमच्या पेठेतल्या शाळेची, फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीचा. फोटोतल्या इमारतीला स्लॅब आहे आणि स्लॅबवर वड उगवलाय. आमच्या शाळेला कौलं आहेत. वडही नाही, पिंपळ होता, आणि तो कुठे होता हे मला बातमीदारापेक्षा जास्त माहीत आहे, कारण तो मी स्वतःच्या हाताने उपटला आहे.

बातमीत म्हटलंय, इमारत धोकादायक, त्यात पट शून्य, सबब शाळा कायमची बंद. पट शून्य! जून २०२४ मध्ये 'दुरुस्ती होईपर्यंत तात्पुरतं' असं सांगून पोरं दुसऱ्या शाळेत नेली आणि दाराला कुलूप घातलं. कुलपाच्या आत पट किती असणार होता? कोळिष्टकांची हजेरी घ्यायची होती का?

छपराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तेवढंच मला कळतं. चाळीस वर्षं सुतारकाम केलं आहे. शाळेच्या दोन इमारती काटकोनात जोडलेल्या आहेत. दोन्हीची छपरं जिथे मिळतात तिथे जस्ती पत्र्याची पन्हळ आहे आणि निम्म्या छपराचं पाणी तिच्यातून जातं. तिच्यात पाला बसला की पाणी तुंबतं आणि कौलाखालून आत शिरतं. एक कौल फुटलेलं नसतं, एक वासा मोडलेला नसतो, तरी खोलीत धार लागते. पूर्वी दर मे महिन्यात माणूस येऊन कौलं चाळून जायचा, जाता जाता पन्हळ साफ करायचा. माझ्या मुलाच्या वेळी तो यायचा. नातीच्या वेळी कुणी आलं नाही.

२०२३ च्या पावसात नात पहिलीत होती. तिच्या वर्गात फळ्यासमोरच धार लागली. बाईंनी फळा कोपऱ्यात सरकवला आणि धारेखाली बादली ठेवली. बादली भरली की दाराजवळच्या पोरानं ती ओतून आणायची. त्या कामासाठी पोरांत भांडणं लागायची म्हणे, कारण तेवढीच बाहेर उंडारायला संधी.

मी तीन अर्ज दिले. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला 'निधीच्या उपलब्धतेनुसार'. तिसरा द्यायला गेलो तर टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, आधीच्या दोन अर्जांची पोच आहे का?" होती. झेरॉक्स काढून जोडली. शेवटी एका रविवारी माझी बारा फुटी शिडी खांद्यावर टाकून गेलो आणि मीच वर चढलो. पन्हळीतून दोन घमेली कुजका पाला निघाला, एक रबरी चेंडू, एका पायाची स्लीपर आणि बोटाएवढ्या जाडीचं पिंपळाचं रोप. खालून शिपाईमामा ओरडत होते, "काका, वर कशाला चढलायसा, माझी नोकरी घालवशीला!" सोमवारी पाऊस झाला. बादली कोरडी. मंगळवारी मला बोलावणं आलं. सरकारी मालमत्तेत विनापरवाना प्रवेश केल्याबद्दल लेखी खुलासा द्या. दिला. तो खुलासा मात्र त्यांनी आठ दिवसांत निकाली काढला.

मग एप्रिल २०२४ मध्ये स्ट्रक्चरल ऑडिट झालं. दोघे आले, मोबाईलवर फोटो काढले, भिंतीवर हातोडीने टकटक केलं. मी समोरच्या कट्ट्यावर बसलो होतो. उठून विचारलं, "शिडी आणू का?" तर म्हणाले, "नको काका, खालनं दिसतंय." खालून कौलांचं पोट दिसतं, साहेब. पन्हळ दिसायला वर जावं लागतं. वीस मिनिटांत मंडळी गेली आणि अहवालात छप्पर नापास.

जुनी वास्तू म्हणून गळा काढणाऱ्यातला मी नाही. गल्लीकडच्या दोन खोल्यांच्या भिंतीला पोट आलंय, तिथे पोरं बसवू नका हे ऑडिटच्या आधीच मी हेडमास्तरांना सांगितलं होतं. त्या दोन खोल्या उतरवा, उद्याच उतरवा. पण उरलेल्या चार खोल्यांचे सागवानी वासे ठणठणीत आहेत. एकाला वाळवी लागलीय, तो बदलणं दोन दिवसांचं काम. सहाही खोल्यांवर एकच शिक्का कसा मारला? बरं, मारला. मग २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान त्याच चारपैकी एका खोलीत कसं झालं? मी स्वतः तिथे बटण दाबून आलो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीतली कुटुंबं चूलबोळकं घेऊन तिथेच राहिली होती. मतदाराच्या डोक्यावर जे छप्पर पडत नाही ते पहिलीच्या पोराच्या डोक्यावर पडतं, असा काही शोध लागला असेल तर तोही छापावा. आणि इमारत धोकादायक असल्याची पाटी सध्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे गेली आहे. ज्यांचा वाढदिवस तेही बैठकीला होते.

हो, बैठक. पालकांचं मत घेतलं असं बातमीत आहे. घेतलं. गुरुवारी सकाळी अकराला. त्या वेळी आमच्या पेठेत घरी कोण असतं? सात जण हजर होते, त्यात एक मी, आणि मी पालक नसून आजोबा असल्यामुळे माझं मत लिहून घेतलं नाही.

पटाचंही ऐकून घ्या. कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय असतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको. म्हणजे गळक्या शाळेची मोजणी नेमकी गळती संपता संपता. ज्याला परवडतं तो पहिल्या धारेलाच पोराला उचलून इंग्लिश मीडियमच्या व्हॅनमध्ये बसवतो. पट उतरला की शिक्षक कमी, शिक्षक कमी झाले की उरलेल्यांतले आणखी चार जातात, आणि शेवटी साहेब म्हणायला मोकळे की पालकांनाच सरकारी शाळा नकोत. मग जरगनगरच्या शाळेत प्रवेशासाठी पाडव्याला रांगा लागतात त्या कशाच्या?

पाचवीपर्यंतच्या पोराला एक किलोमीटरच्या आत शाळा, असा नियम आहे. नवी शाळा नकाशावर एक किलोमीटरच्या आतच आहे. पण नकाशातला गंगावेशेचा रस्ता रिकामा असतो. त्यावर केएमटीची बस नसते, उसाच्या ट्रॉल्या नसतात. नातीला पोचवायला सूनबाईंनी मिरची कांडपावरचं सकाळचं काम सोडलं. तिथे नातीचा आणि दुसरा एक वर्ग व्हरांड्यात सतरंजीवर एकत्र बसतो. बादली नाही, एवढंच काय ते सुख.

आपल्या पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. शेंबडं पोर सांगेल. पाणी ३५-३६ फुटांवर असतानाच माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात, कारण आकडा आधीच ठरलेला असतो आणि रोज जाहीर होतो. शाळेला अशी पातळी का नको? कुठल्या खोलीला काय झालंय, दुरुस्तीला किती लागणार, मागितले किती, आले किती, हे दरवर्षी मे महिन्यात दारावर लावा. बंद करायची वेळ आलीच तर आमच्या हातात भांडायला कागद असेल, किंवा गप्प बसायला. आम्हाला थेट पाणी उंबऱ्यात आल्यावर कळवता आणि वर म्हणता, सहकार्य करा.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड होता. २६ जूनला हार घालणाऱ्यांनी तो दंड पुन्हा सुरू करावा. पावती या वेळी कुणाच्या नावाने फाडायची तेवढं ठरवावं लागेल.

रंकाळा तलावातल्या केंदाळावर, म्हणजे जलपर्णीवर, मी लिहिलेलं पत्र मागच्या वर्षी तुम्ही निम्मं कापून छापलंत. उरलेलं वाचून चार जणांनी मला विचारलं की तुम्ही केंदाळाच्या बाजूने कसे? या वेळी जागा कमी पडली तर महाराजांचा परिच्छेद कापा, पन्हळीचा कापू नका.

आपला,
एक निवृत्त सुतार,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर

ता.क. शाळेचा खरा फोटो हवा असेल तर बातमीदाराला सकाळी दहाच्या आत पाठवा. शिडी मी आणतो.