बर्फावर जाणाऱ्या लेकीस

मंगळवार पेठ, कोल्हापूर
12 डिसेंबर

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला जायचे म्हणून तू मागवलेली, आणि खोलीवर दिवसा कोणी नसते म्हणून घरच्या पत्त्यावर आलेली, तुझी दोन्ही जॅकेटे आणि पँट काल मिळाली. कोणते ठेवायचे ते फोनवर ठरवू, असे तू म्हणाली होतीस; परंतु तीस वर्षे शिवणयंत्रावर बसलेल्या बाईला खोके बंद ठेवणे जमले नाही.

मोतिया रंगाचे, कमरेपर्यंतचे जॅकेट तुला शोभेल, हे मी नाकारत नाही. ते उलटे करून पाहिले तेव्हा मात्र खांद्याच्या आणि टोपीच्या शिवणीवरच आतून पट्टी चिकटवलेली दिसली; बगलेखालची शिवण उघडीच आहे. कापड कितीही पाणीरोधक असले तरी सुईचे प्रत्येक छिद्र पाण्याला वाट देते. प्रदर्शनातून हौसेने घेतलेला माझा रेनकोट असाच बगलेत गळायचा, ते तुला आठवत असेल. विटकरी जॅकेटाची मात्र प्रत्येक शिवण पट्टीने बंद केलेली आहे आणि चिठ्ठीवर 15,000 मिलिमीटर लिहिले आहे, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब ते कापड सोसते. ते न्हाणीत नेऊन त्यावर तांब्याभर पाणी ओतले, तर अळवाच्या पानावरून घरंगळावे तसे घरंगळले. ते मांडीपर्यंत येते आणि आत कमरेशी लवचिक पट्टा आहे, त्यामुळे पडलीस तरी बर्फ पाठीत शिरणार नाही. आणि तू पडणारच. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असताना नवशिका माणूस एक तर बैठकीवर आपटतो, नाही तर हातांवर. तुझे पहिले दोन दिवस बर्फात बसण्यातच जातील, म्हणून माझ्या मते जॅकेटापेक्षा पँट महत्त्वाची. तू बायकांच्या मापाची, नितंबाशी सैल आणि छातीपर्यंत येणारी घेतलीस, हे उत्तम केलेस. मागची चेन उघडली की जॅकेट न काढता स्वच्छतागृहात जाता येते, हे शिवणाऱ्याने विचारपूर्वक केलेले दिसते. आत आपटल्याचा मार सोसणारी गादीची चड्डी घालून माप पुन्हा तपास. मनगटाचे संरक्षकही घे.

आता आतल्या कपड्यांविषयी. आपण सुती कापडावर वाढलेली माणसे, पण बर्फात सूत वैरी आहे. घामाने भिजले की ते वाळत नाही आणि गारठा अंगाला चिकटवून ठेवते. गगनबावड्याकडचा धनगर भर पावसात घोंगडे पांघरून मेंढरे राखतो, कारण लोकर ओली झाली तरी ऊब धरते. तेव्हा अंगाशी बारीक मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिएस्टरचे थर्मल, त्यावर पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवदार कापडाचा उबदार सदरा, आणि वर हे जॅकेट, एवढे पुरे. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांचा, वरचा टप्पा 3,900 मीटरच्याही पुढे जातो. हजार मीटर चढले की तापमान सुमारे सहा अंशांनी उतरते, म्हणून वर जाताना फ्लीस घालायचा आणि खाली शिकताना उकडले की काढून ठेवायचा. मावशीने विणलेला जाडजूड स्वेटर संध्याकाळी हॉटेलात घाल, तिला फोटो पाठव.

मोजे एकच जोडी. दोन घातले की बूट आवळतो आणि पाय उलट गार पडतात. ओढणी किंवा स्टोल नको, उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टमध्ये अडकेल. ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणे 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून ढग असले तरी गॉगल काढू नकोस.

विटकरी जॅकेट आणि पँट सोबत पाठवत आहे. मोतिया परत करण्यासाठी बांधून ठेवले आहे. पँट तुला दोन बोटे लांब वाटेल. बूट घालून, गुडघे वाकवून मगच लांबी बघ. मी तिला सुई लावलेली नाही आणि तूही कोणाला लावू देऊ नकोस.

तुझी,
आई