चासीच्या रंगाबद्दल मित्रास पत्र

धुळे,
मे अखेर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

ट्रकची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, सँडब्लास्टिंग करून (जोराने वाळू मारून साफ करून) सरळ पावडर कोटिंगला, म्हणजे कोरडी रंगपूड भट्टीत भाजून चढवायला द्यावी, हा तुझा सल्ला आपुलकीचाच आहे. पण मी तो मानलेला नाही, आणि त्यामागची कारणे तुला नीट कळवणे मला आवश्यक वाटते.

गाडी १९६६ ची, म्हणजे टाटांची टेल्को आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ या कंपन्यांच्या १९५४ ते १९६९ या कराराच्या काळातली. वडिलांनी तिच्यातून अमळनेरहून रुईच्या गाठी वाहिल्या, हे तुला ठाऊकच आहे. तिच्या चासीचे जोड रिव्हेटचे, म्हणजे ठोकून पक्क्या केलेल्या खिळ्यांचे आहेत आणि सारा प्रश्न तिथेच आहे. पत्र्यावर पत्रा बसतो त्या फटीत आपली काळी माती ग्रीसमध्ये कालवली जाऊन ओल धरून ठेवते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे आतल्या आत वाढत तो जाड पत्रेसुद्धा फाकवतो. ब्लास्टिंगची वाळू अशा फटीत अडकून बसते, पावडर मात्र आत पोहोचत नाही. वरून सारे गुळगुळीत दिसते आणि आत गंजाचे काम चालूच राहते.

म्हणून आम्ही हातानेच सफाई केली. आधी पत्रीने माती खरवडली, मग डिझेल आणि शेवटी साबणाचे गरम पाणी, कारण ग्रीस निघण्यापूर्वी वायर ब्रश फिरवला तर तेच तेल सगळीकडे पसरते आणि त्यावर रंग धरत नाही. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो मास्क लावून, पाण्यानेच घासला. फटींतला गंज हॅकसॉच्या पात्याने उकरून काढला. तिथे फॉस्फोरिक ॲसिड मी मुद्दाम वापरू दिले नाही, कारण जिथून ते धुऊन निघत नाही तिथे ते पुढे लोखंडच खाते. उघड्या भागावर मात्र त्याचा चांगला उपयोग झाला. चासी नंबर कोरलेल्या जागी ग्राइंडर अजिबात लावला नाही.

मिस्तरींनी लहान हातोडीने वीतवीत अंतरावर ठोकून पाहिले. निरोगी लोखंड खणखणीत बोलते, पोखरलेले बद्द वाजते. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे ते चासीला टांगतात त्या कडीजवळ, एका रिव्हेटच्या डोक्याखालून तपकिरी ओघळ आलेला होता. पुसला तरी बारीक भुकटी पुन्हा बाहेर येई. रिव्हेट ढिला होऊन हलत असल्याची ती खूण. तो काढून तिथे घट्ट बसणारा हाय टेन्साइल बोल्ट घातला.

खानदेशातल्या या उन्हाने धुतलेल्या फटी चांगल्या वाळवल्या, पण रंगाला तेच ऊन मारक. दुपारी लोखंडाला हात लाववत नाही. थिनर उडून जातो, रंग पसरण्याआधीच सुकतो आणि खरखरीत होतो. त्यामुळे झिंक फॉस्फेट प्रायमर पहाटेच दिला, तोही ब्रशने, आणि कडांना व रिव्हेटच्या डोक्यांना आधी वेगळा हात देऊन, कारण कडेवरून ओला रंग मागे सरतो आणि तिथेच तो सर्वांत पातळ राहतो.

काळे इनॅमल अजून बाकी आहे. पाटे आणि एक्सल चढले की जोड नीट दिसणार नाहीत, तेव्हा मृगाआधी अवश्य ये. डाव्या हँगरमागच्या पत्र्याला खड्डे पडले आहेत. तो तसाच ठेवावा की आतून जोडपट्टी रिव्हेट करावी, यावर मिस्तरींचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. मी पट्टीच्या बाजूचा आहे.

तुझा,
बालमित्र